पाठमोरी डॉक्टर

दूधभाताच्या पुडिंगवरची तपकिरी साय कोणाला, यावरून प्रॉसरांकडे दर रविवारी हुज्जत व्हायची आणि दर रविवारी ती साय टेग्वेनच्याच बशीत जायची. त्या दिवशी तर तिने कोणाला तोंडच उघडू दिलं नाही.

"टीव्हीवर मी येणार आहे, तुम्ही नाही," चमच्याने साय ओढून घेत ती म्हणाली. "एमलिन, तुला डायबेटिस. ह्यू, तुझं पोट बघ जरा. संपला विषय."

तिचे थोरले भाऊ, म्हातारे डॉक्टर एमलिन प्रॉसर, नुसते हसले. त्यांचा मुलगा ह्यू, कार्डिफचा मोठा सर्जन, याने पोट आत ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. ह्यूची मुलगी शान, घरातली सगळ्यात नवी डॉक्टर, आजोबांच्या बशीत साखर न घातलेली सफरचंदाची फोड ठेवत होती. एमलिननंतर पेंटरवीन गावचा दवाखाना चालवणारी त्यांची मुलगी नेस्ट मात्र अजून मटणाच्या ताटातच काटा फिरवत बसली होती.

तिची व्हिडिओ कॅसेट उद्या सकाळच्या टपालाने लंडनला जायची होती.

"मला अजून कळलेलं नाही," ह्यू म्हणाला. "पंचवीस वर्षं ही दवाखाना चालवतेय. अख्खं खोरं हिच्या हाताखालून गेलंय. आणि आता हिला लंडनच्या डॉक्टरांच्या कॉलेजकडून शाबासकी हवीय?"

"शाबासकी नाही, सभासदत्व," नेस्ट म्हणाली.

"तेच ते. नावापुढे चार अक्षरं."

"डॅडी, ती अक्षरं नसली तर दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर ठेवू देणार नाहीत," शान म्हणाली. "आणि शिकाऊ डॉक्टर नसला तर मी येणार नाही. मी आधीच सांगितलंय. एकटीने एवढी माणसं बघून नेस्ट आंटीचं काय झालंय ते दिसतंच आहे."

"काय झालंय माझं?"

"मटण गार झालंय तुझं."

शानने सभासदत्व परीक्षा देऊन मिळवलं होतं, सगळे नवे डॉक्टर मिळवतात तसं. नेस्टसारख्या मुरलेल्या डॉक्टरांसाठी वाट निराळी होती. त्यांना पेपर नसायचा, त्यांचं रोजचं कामच तपासलं जायचं. आधी रुग्ण तपासतानाची कॅसेट, आणि ती पसंत पडली तर परीक्षक स्वतः दवाखान्यात येऊन दिवसभर बसणार. कॅसेटवर सात रुग्ण हवेत, मध्ये कुठेही कापाकापी नको आणि प्रत्येक रुग्णाची सही हवी. पेंटरवीनच्या लोकांना कॅमेऱ्याचं नाव काढलं की खोकलासुद्धा थांबायचा. महिनाभर मिनतवाऱ्या करून नेस्टने सहा जमवले होते. सातवी, आपण होऊन आलेली, टेग्वेन.

"पण घरचं माणूस कॅसेटवर चालतं का?" ह्यूने विचारलं.

"चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही."

"लिहून चालणारच नाही," एमलिन म्हणाले. "या खोऱ्यात नात्यातला नसलेला पेशंट शोधायचा तर इंग्लंडात जावं लागेल."

यावर सगळे हसले. प्रॉसरांच्या घरात घरच्यांना घरच्यांनीच तपासायची रीत होती. टेग्वेनचे टॉन्सिल्स एमलिनने पाहिले होते, तिचं मोडलेलं मनगट एमलिनने बसवलं होतं आणि एमलिन निवृत्त झाल्यावर तिचं नाव आपसूक नेस्टच्या रुग्णांच्या यादीत आलं होतं. बाहेरच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे घरात पीठ असताना शेजारी पाव मागायला जाण्यासारखं, असं टेग्वेन म्हणायची.

"चला," टेग्वेन उठलीच. "मला पाचला निघायचंय. संध्याकाळच्या प्रार्थनेला चौघींना घरून उचलायचंय, आणि मिसेस प्रोबर्टला गाडीत चढायलाच पाव तास लागतो. लावा माझा सिनेमा."

चॅपलची मिनीबस गेली अकरा वर्षं टेग्वेन चालवत होती. लग्न केलं नाही, शाळेतली नोकरी संपली; आता ती बस हाच तिचा संसार होता. पुढच्या शनिवारी गाण्याच्या स्पर्धेला ती चौदा मुलं टेन्बीला नेणार होती, हे तिने जेवताना तीनदा सांगून झालं होतं.

*

पडदे ओढून सगळे बैठकीच्या खोलीत बसले, टेग्वेन आपली पुडिंगची बशी घेऊनच. टेग्वेनची हरकत नसताना तिची तपासणी पाहायला कोणाची परवानगी लागणार? बाकीचे सहा रुग्ण नेस्टने पुढे पळवले आणि नेमक्या जागी कॅसेट थांबवली.

पडद्यावर नेस्टची खोली आली. कॅमेरा कपाटावर ठेवलेला, त्यामुळे सगळं थोडं वरून दिसत होतं. डावीकडे टेबल आणि कॉम्प्युटर, उजवीकडे खुर्चीत टेग्वेन, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या निळ्या कार्डिगनमध्ये.

"अगंबाई, केस बघा माझे," खोलीतली टेग्वेन ओरडली. "मागून कावळ्याचं घरटं. नेस्ट, सांगायचं नाहीस का?"

"शूः, आंटी टेग."

पडद्यावरची टेग्वेन दमायला होतं म्हणून सांगत होती. मग म्हणाली, "आणि परवा गंमतच झाली. चहा करायला उठले, तर चहा झालेला. कपात ओतलेला, दूधसुद्धा घातलेलं. मी कधी केला, देव जाणे."

पडद्यावरची नेस्ट खळखळून हसली. "माझ्या घरी पाठव ना त्या भुताला."

शान हसली, ह्यूही हसला. नेस्टलासुद्धा बरं वाटलं. रुग्णाशी मोकळं बोलणं परीक्षकांना आवडतं, असं तिने वाचलं होतं. पुढचा भाग तर तिला पाठच होता: रक्तदाबाची गोळी बदलायची की नाही हे तिने टेग्वेनला नीट समजावून, तिचं मत विचारून ठरवलं होतं. सातातली ही सगळ्यात चांगली तपासणी. ती पाहताना तिचं लक्ष दर वेळी स्वतःच्याच आवाजाकडे असायचं.

आता पडद्यावरची नेस्ट कॉम्प्युटरकडे वळली. टेग्वेनकडे पाठ. की-बोर्ड टकटकू लागला.

"झोप लागते ना नीट?" तिने टाइप करता करता विचारलं.

उत्तर आलं नाही. खुर्चीतली टेग्वेन समोरच्या भिंतीकडे बघत होती. बघत होती म्हणणंही बरोबर नव्हतं. डोळे उघडे होते, एवढंच. तिचे ओठ हलायला लागले, काही चाखल्यासारखे, चप् चप् चप्. उजवा हात वर आला आणि कार्डिगनचं एक बटण चिमटीत धरून ओढू लागला. सोडी, पुन्हा धरी. डावा हात मांडीवर, मनगटातून विचित्र वळलेला.

"छान," पडद्यावरची नेस्ट म्हणाली. "आणि गोळ्या रोजच्या रोज?"

चप् चप्. बटण.

"गुणाची माझी आंटी," पाठमोरी नेस्ट म्हणाली आणि तिने तेही टाइप केलं.

मग टेग्वेनचा हात बटणावरून सुटला. तिने त्याच हाताने नाक पुसलं, दोनदा, लहान मूल पुसतं तसं. डोळ्यांत हळूहळू कोणीतरी परत आलं. नेस्ट वळली, तेव्हा टेग्वेन नुसती थोडी गोंधळलेली दिसत होती. "काय म्हणालीस?" तिने विचारलं. "काही नाही, झालंच," नेस्ट म्हणाली.



"बघा, किती शांत बसलेय," खोलीतली टेग्वेन खूश होऊन म्हणाली. "आणि म्हणे मी फार बोलते!"

ह्यूने उठून टीव्ही बंद केला. त्याचं बोट बटणावर दोनदा घसरलं.

"का बंद केलास? संपलं?"

"संपलं, आंटी टेग."

"बरी दिसते की मी." ती उठली. "चहा टाकते. भूत नाही, मी स्वतः." आणि आपल्याच विनोदावर हसत ती स्वयंपाकघरात गेली.

हे नेस्टने पाहिलेलं नव्हतं असं नाही. कॅसेट तिने पाच-सहा वेळा पाहिली होती. प्रत्येक वेळी डावीकडच्या डॉक्टरकडे. आपण मध्येच बोलत तर नाही ना, आवाज तुटक तर नाही ना, टेकून बसतो का. उजवीकडच्या खुर्चीकडे एकदाही नाही.

"अपस्मार," शान अगदी हळू म्हणाली. "मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातला झटका. ते ओठ, तो हात, नंतर नाक पुसणं... यापेक्षा स्पष्ट चित्र मी कधी पाहिलं नाही. आणि तो चहा, नेस्ट आंटी. तो चहासुद्धा."

"मला कळतंय, शान."

"ती बस चालवते."

"मला कळतंय म्हटलं ना!"

"हळू बोला," ह्यू म्हणाला. तो आता सर्जनच्या आवाजात बोलत होता. "आधी कॅसेटचं बघू. परीक्षक बघणार डॉक्टरला. त्यांना हे दिसेलच असं नाही. तुला दिसलं का?"

"डॅडी!" शान ताडकन उभी राहिली. "दिसणार नाही? मेडिकलच्या पहिल्या वर्षातल्या पोराला दिसेल. आणि दिसलं नाही तरी काय? झाकून पाठवायचं?"

"तुझ्याच नोकरीचं बोलतोय मी."

"माझ्या नोकरीचं मी बघेन."

नेस्टचं या दोघांकडे लक्ष नव्हतं. ती वडिलांकडे बघत होती. टीव्ही बंद झाल्यापासून एमलिन गालिच्याकडे पाहत होते. तिघांचे चेहरे पांढरे पडले होते, त्यांचा नाही. ते फक्त थकलेले दिसत होते.

"डॅड," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

एमलिननी मान वर केली नाही.

"कधीपासून?"

"सफरचंदं उतरवली तेव्हापासून," ते म्हणाले. "शिडी धरून उभी होती. मी वरून हाक मारली, तर बटण ओढत बसली."

"सहा महिने झाले त्याला! आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मी तिची डॉक्टर आहे!"

"मी तिचा भाऊ आहे." आता त्यांनी वर पाहिलं. "आमच्या भावाला, आयव्हरला, असंच व्हायचं, नेस्ट. अगदी असंच, आधी ओठ. फिट येणारा मुलगा म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि परत आणलं ते पेटीतून. टेग नऊ वर्षांची होती. दारात उभी राहून तिने ते बघितलंय. तो शब्द मी तिच्यासमोर उच्चारायचा? कोणत्या तोंडाने?"

"टाडकी," शान त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. आजोबांना ती लहानपणापासून याच नावाने हाक मारायची. "आता कोणी इस्पितळात टाकत नाही. गोळ्या आहेत. बऱ्याच जणांचं थांबतं सुद्धा."

"आणि बस?"

शानने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस काढून घेतलीत तर उरते काय ती?" एमलिन म्हणाले. "टेन्बीचं होऊ दे. शनिवारपर्यंत थांबा. मग मी सांगतो तिला."

"मलाही तेच वाटतं," ह्यू म्हणाला. "एक आठवडा. कॅसेट उद्या जाऊ दे, पोरांची स्पर्धा होऊ दे, मग शांतपणे—"

"चौदा मुलं आहेत त्या बसमध्ये," नेस्ट म्हणाली. "आणि आज चार म्हाताऱ्या."

"कोणत्या बसमध्ये?" दारातून टेग्वेनने विचारलं.

तिच्या हातात चहाचा ट्रे होता. ती बराच वेळ तशीच उभी असणार.

*

कोणी सांगायचं हे ठरायच्या आत नेस्टने टीव्ही पुन्हा लावला. बोलून सांगणं तिला जमलं नसतं. तिने कॅसेट मागे नेली आणि म्हणाली, "आंटी टेग, या वेळी केसांकडे बघू नकोस. हाताकडे बघ."

टेग्वेन उभ्यानेच पाहत राहिली. झोप लागते ना नीट? छान. आणि गोळ्या रोजच्या रोज? गुणाची माझी आंटी. पडद्यावरच्या म्हातारीने नाक पुसलं. खोलीतल्या टेग्वेनचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"ही मी नाही," ती म्हणाली.

ती पडद्याच्या आणखी जवळ गेली.

"मी होते ना तिथे. मला आठवतंय सगळं. हिने गोळीचं विचारलं, मी काहीतरी..." ती थांबली. "आयव्हर असंच करायचा," ती एकदम लहान आवाजात म्हणाली. "बटणं तुटायची त्याची. आई शिवून द्यायची." मग ती एमलिनकडे वळली. "आणि तुला माहीत होतं. सफरचंदांच्या वेळी तू शिडीवरून उतरलास आणि मला उगाच मिठी मारलीस. मला वाटलं म्हातारा झाला, हळवा झाला."

"टेग..."

"गप्प बस."

तिने ट्रे टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"बसच्या चाव्या दे, आंटी टेग," नेस्ट म्हणाली.

"हे भाची मागतेय की डॉक्टर?"

भाची मागते म्हटलं तर टेग्वेन सरळ नाही म्हणाली असती. डॉक्टर म्हणायचं तर ती डॉक्टर या खोलीतल्या सगळ्यांनी नुकतीच पाहिली होती. पाठमोरी.

"भाची," नेस्ट शेवटी म्हणाली. "डॉक्टर व्हायचा हक्क मी त्या दिवशी घालवला. तू माझ्यासमोर बसली होतीस आणि तू गप्प राहिलीस ते मी 'हो' धरलं, कारण तू माझी आंटी टेग आहेस. दुसरं कोणी असतं तर मी वळून बघितलं असतं. म्हणून उद्यापासून तू माझ्या यादीत नाहीस. डोंगरापलीकडे डॉक्टर चक्रवर्ती आहेत. मी सकाळी त्यांना फोन करते. पुढे कार्डिफच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे ते पाठवतील."

"यादीतून काढतेस?" टेग्वेनला आधीच्या कशानेही बसला नव्हता एवढा धक्का याने बसला. ती खुर्चीचा हात चाचपत खाली बसली. "मला? प्रॉसरला?"

"नेस्ट, हे जरा अती होतंय," ह्यू म्हणाला.

"प्रॉसर आहेस म्हणूनच. डॅडनी सहा महिने तोंड उघडलं नाही, कारण तू बहीण. मी मान वळवली नाही, कारण तू आत्या. या घरात तुला एकही डॉक्टर नाही, आंटी टेग. चार आहेत आणि एकही नाही."

एमलिन उठून खिडकीशी गेले आणि त्यांनी पडदा सरकवला. बाहेर लख्ख उजेड होता. मिनीबस फाटकाशी उभी होती.

"ठीक आहे," टेग्वेन म्हणाली. तिचा आवाज आता शाळेतल्या बाईंचा झाला होता. "मग सौदा कर माझ्याशी. मी सही केलीय म्हणून ही कॅसेट लंडनला जाऊ शकते. बरोबर? तर शनिवारपर्यंत चाव्या माझ्याकडे राहतील. मुलांना टेन्बीला मीच नेणार. रविवारी तुझ्या हातात देईन. तुला तुझी अक्षरं, शानला तिची जागा, मला माझा एक शनिवार. नाहीतर सही मागे."

शानने श्वास रोखला हे सगळ्यांना ऐकू आलं.

"या वर्षी सातवा रुग्ण आता कुठून आणणार?" एमलिन खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "वर्ष जाईल, नेस्ट."

"जाईल," नेस्ट म्हणाली. तिने शानकडे पाहिलं. यात माफी मागण्यासारखं बरंच होतं, पण ते मागण्याची ही वेळ नव्हती. शान रडत होती आणि मान हलवत होती, नाही-नाही अशी नाही, तर हो-हो अशी.

नेस्टने पर्समधून सहीचा कागद काढला, टेग्वेनच्या पुढ्यात ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"मागे घे," ती म्हणाली. "चाव्या दे."

टेग्वेन कागदाकडे बघत राहिली. तिला हे अपेक्षित नव्हतं. आयुष्यभर तिने शाळेच्या हेडमास्तरांपासून चॅपलच्या पाद्र्यापर्यंत सगळ्यांशी असे सौदे केले होते आणि प्रत्येक जण थोडं तरी वाकला होता. नेस्ट तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि थांबली. घाई केली नाही, दुसरं काही विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

टेग्वेनने सहीवर काट मारली. एक आडवी, मग आणखी एक, खोल.

"परक्या माणसांनी मला तसं बघायचं नाही," ती म्हणाली. "लंडनच्या तर नाहीच. कार्डिफच्या त्या डॉक्टरला दाखव. त्याच्या कामाचं आहे ना ते?"

"फार कामाचं आहे," शान नाक ओढत म्हणाली. "शंभर प्रश्नांनी कळणार नाही एवढं."

टेग्वेनने कार्डिगनच्या खिशातून चाव्या काढल्या, पण हात पुढे केला नाही. मुठीत धरून ठेवल्या.

"हा चक्रवर्ती," तिने विचारलं. "हा तरी बघतो का माणसाच्या तोंडाकडे?"

"बघतो," नेस्ट म्हणाली. "म्हणूनच रोज उशिरा घरी जातो."

"मग बरा असेल."

तिने चाव्या पुडिंगच्या रिकाम्या बशीत टाकल्या आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. कोट घालतानाचा आवाज आला, मग पुढचं दार, मग फाटक. आत चहा निवत होता. तेवढ्यात बाहेर मिनीबसचा हॉर्न वाजला, लांबलचक, रागावलेला. नेस्टने खिडकीतून पाहिलं. टेग्वेन ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली होती आणि आडवी होऊन, हात लांब करून हॉर्न दाबत होती.

"जा," एमलिन म्हणाले. "मिसेस प्रोबर्टला पाव तास लागतो."

नेस्टने बशीतून चाव्या उचलल्या. त्यांना दूध लागलं होतं. स्कर्टला पुसत ती धावत बाहेर गेली.